भोकाचा पैसा

चिंचेवर माझा जेवढा राग आहे तेवढा कुठल्या माणसावर नाही. माणसांवरही आहे, ती पुढे येतीलच, पण पहिला मान चिंचेचा. नांगराच्या फाळाला, घराच्या पायात, पडक्या भिंतीत एखादं जुनं नाणं सापडलं की आपल्या लोकांचा हात आधी चिंचेच्या बरणीत जातो. देवाची भांडी घासावीत तसं ते नाणं चिंच आणि मीठ लावून घासायचं, वर रांगोळी नाहीतर राख, लालभडक झालं की कपाळाला लावायचं, आणि मग माझ्याकडे आणून विचारायचं, हे किती जुनं असेल हो बाई? आता मी काय बघू? मातीत पडून पडून त्या तांब्यावर जी हिरवट साय धरली होती तिनेच अक्षरं सांभाळली होती. सायीबरोबर अक्षरंही मोरीत गेली.

मी नाशकात पंचवटीत राहते. नोकरीची सगळी वर्षं एका संस्थेच्या प्रयोगशाळेत जमिनीतून निघालेली नाणी साफ करण्यात गेली. साफ करणं म्हणजे घासणं नव्हे, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. नाणं शुद्ध पाण्यात भिजत घालायचं, पाणी गढुळलं की बदलायचं, आणि मऊ झालेली माती भिंगाखाली बाभळीच्या काट्याने कणाकणाने उचलायची. काटा सुईपेक्षा बरा, तांब्यावर ओरखडा काढत नाही. एकेका नाण्याला आठवडे लागतात. निवृत्तीनंतर तेच काम घरी करते, पण कामापेक्षा जास्त वेळ लोकांना परत पाठवण्यात जातो. मोबाईलवर कुणीतरी सांगतो की अमक्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, की दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी चपलांचा ढीग. त्यांना नाण्याचं काही पडलेलं नसतं, त्यांना आकडा हवा असतो. किंमत काही नाही म्हटलं तर त्यांना वाटतं मी लपवते आहे. एक जण जिना उतरताना बायकोला म्हणाला, बाई पोचलेली दिसते. मी वरून ऐकलं आणि वरूनच उत्तर दिलं. तो पुन्हा आला नाही.

तर अशा माझ्या घरी गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माय राहायला आली. माय म्हणजे माझी आई. ती सटाण्याकडे आमच्या मळ्यात एकटी राहते, कांदा करते, आणि तिला कुणी हात धरलेला चालत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला मी जवळजवळ ओढूनच आणली. डोळ्यावर हिरवी पट्टी, पाण्यात हात घालायचा नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी भाजी आणायला पंचवटी कारंजावर गेले आणि परत आले तर माय मोरीत वाकून बसलेली. माझ्या टेबलावरच्या सगळ्या वाट्या तिने गोळा केल्या होत्या. त्यांत एका माणसाची नाणी महिनाभर भिजत होती. घाण पाण्यात काय ठेवतेस म्हणून तिने ती कुंडीतल्या मातीने आणि चिंचेने घासून, पुसून, देवासमोर ओळीने मांडली होती. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिने जे उत्तर दिलं तेही नाही. त्या माणसाची समजूत घालायला मला त्याच्या घरी जाऊन खाली मान घालून बसावं लागलं.

आमच्या दोघींचं जमत नाही हे सरळ सांगून टाकते. माझ्या दोन खोल्या आहेत आणि त्यांत आम्ही दोघी मावत नाही. माय मळ्यात राहते तोवर आम्ही फोनवर भांडून मोकळ्या होतो आणि दोघींची तब्येत चांगली राहते. पण तिचं मळ्यात राहणं एका विहिरीवर टिकून आहे. विहीर आहे म्हणून कांदा आहे, कांदा आहे म्हणून माय तिथे आहे. विहीर हातची गेली तर ती गाठोडं बांधून माझ्याकडे येईल, आणि मग दोघींतली एक कुणीतरी वेडी होईल. ही विहीरच भांडणाची आहे.

आजोबांनी जमीन दोन मुलांत वाटून दिली, थोरले काका आणि माझे वडील. वाटणी तोंडी. सातबारा आजतागायत एकच आहे, त्यामुळे सरकारी मोजणी आणूनही मोजायचं काय हा प्रश्न. आजोबांनी मध्ये दगड पुरले आणि इकडचं तुझं, तिकडचं त्याचं, म्हणून सांगितलं. बाकीचे दगड ट्रॅक्टरने केव्हाच उखडले. विहिरीजवळचा एकच उरला आहे, आणि तो विहिरीच्या पलीकडे, काकांच्या बाजूला उभा आहे. म्हणजे विहीर आमची. काकांचं म्हणणं होतं की दगड तिथे नव्हता, विहिरीच्या अलीकडे, आमच्या शेतात होता. म्हणजे विहीर त्यांची. काका हे म्हणत म्हणत गेले आणि आता त्यांचा मुलगा म्हणतो. त्याचं शेत उन्हाळ्यात उन्हाने फाटतं, तो टँकर मागवतो, आणि डोळ्यांसमोर आमच्या मोटारीचं पाणी धो धो वाहताना बघतो. त्याचा जीव जळत असणार हे मला कळतं. पण त्याने आमचा पाइप दोनदा कोयत्याने तोडला, माझ्या वडिलांच्या दहाव्यालाही तो आला नाही, आणि मोटार सुरू झाली की बांधावर उभा राहून अहिराणीत, विहीर मन्ही शे, विहीर माझी आहे, म्हणून ओरडतो. मायही कमी नाही. ती दरवेळी हातातलं काम टाकून त्याला आमच्या बाजूने तितक्याच मोठ्याने, विहीर खणली कुणी ते विचारते, "तुना बापनी खंदेल शे का?" गेली कित्येक वर्षं रोज सकाळी हाच कार्यक्रम. गावात लोकांना त्याची इतकी सवय झाली आहे की कुणी मान वर करून बघत नाही.

डोळ्याची पट्टी निघाल्या निघाल्या माय गावी पळाली. मीही थांब म्हटलं नाही. चारसहा दिवसांत तिचा फोन आला. विहिरीच्या अलीकडे, आमच्या बाजूला एक जुनी बोर होती. मी लहानपणी त्या बोरीची बोरं परकराच्या ओच्यात भरून खाल्ली आहेत, आणि खरं सांगायचं तर काकांचा मुलगाही माझ्याबरोबर खात असे, तेव्हा आमची भांडणं बोरांवरून होत. माय इकडे होती तेव्हा चुलतभावाने स्वतःचं शेत सपाट करायला जेसीबी आणला होता आणि जाता जाता बोरीच्या उंचवट्याची माती चोरली होती. बोर मुळासकट गेली. तिथे खड्डा होता. मायने त्याला फोनवर ज्या शिव्या दिल्या त्या मला दिल्यासारख्याच ऐकाव्या लागल्या. मी म्हटलं, पोलिसांत जा. ती म्हणाली, तूच जा, तू शिकलेली आहेस. दोघींनी एकदमच फोन ठेवला.

आणि मग दिवाळीच्या थोडं आधी, एका दुपारी, दार वाजलं तर चुलतभाऊच उभा. पायात धुळीचे बूट, हातात स्टीलचा जेवणाचा डबा. वडिलांच्या आजारपणात मी याला निरोप पाठवला होता तेव्हा याला यायला वेळ नव्हता. आज डबा घेऊन आला. मी पाणी विचारलं, तो नको म्हणाला. आमच्याकडचं पाणी त्यांच्याकडे कुणी पीत नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि डबा उघडून टेबलावर ठेवला.

"हाई काय शे, तेवढं सांग ताई. दुसरं काही बोलानं नही."

डब्यात एक लख्ख लाल नाणं होतं आणि लिंबाएवढा एक काळा गोळा. नाणं चिंचेने घासलेलं, ते ओळखायला भिंग लागत नाही. ती शिवराई होती. आमच्याकडे शेतात निघणाऱ्या तांब्याच्या नाण्यांत तीच सगळ्यांत जास्त सापडते, पण त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यावरची उरलीसुरली अक्षरं बघून त्याचे डोळे फिरले होते. आणि काळा गोळा तर त्याने घासलाच नव्हता. काळं म्हणजे चांदी, चांदी काळी पडते, आणि चांदीला चिंच चालत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणून तो माझ्याकडे आला होता. जिल्ह्यात हे काम जाणणारं दुसरं कुणी असतं तर माझं तोंडही त्याने बघितलं नसतं.

मी विचारलं, कुठे सापडलं? मी त्याच्याशी मुद्दाम शहरी बोलते, त्याने त्याचा पारा चढतो. त्याने खिडकीबाहेर बघितलं आणि गोठ्यामागे म्हणाला. गोठ्यामागे कुठे? गोठ्यामागे म्हणजे गोठ्यामागे. मी म्हटलं, ठेवून जा, महिन्याने ये. तो हसला. तो ठेवून जाणार नव्हता. जे काय करायचं ते त्याच्यासमोर करायचं, तो बसून राहील. मग बस, म्हटलं. मी वाटीत पाणी घेतलं, गोळा त्यात सोडला आणि स्वतःपुरता चहा केला. तो भिंतीकडे बघत बसला.

माती सुटायला लागली तशी मी गोळा भिंगाखाली घेतला आणि काट्याने एकेक कण बाजूला करू लागले. काळं जे होतं ते चांदीचं काळं नव्हतं. बोटाला लागत होतं. कोळसा होता तो, साधा लाकडी कोळसा, ठेचून भरलेला. त्यात लोहाराच्या भट्टीतून पडतात तसले लोखंडाच्या मळाचे खडे, आणि एक खापराचा तुकडा. आत तीन नाणी एकमेकांना चिकटलेली. एक शिवराई, एक ढब्बू पैसा, आणि तिसरं पातळ, मध्ये भोक असलेलं.

जमिनीतून एकत्र निघालेल्या नाण्यांत लोक सगळ्यांत जुनं नाणं बघतात आणि खूश होतात. आमच्या कामात सगळ्यांत नवं नाणं बघायचं असतं. जुनी नाणी माणसाच्या घरात कितीही वर्षं पडून राहतात, पण नवं नाणं घडण्याआधी त्याला कुणी पुरू शकत नाही. त्या गोळ्यातलं सगळ्यांत नवं नाणं म्हणजे तो भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तांबं वाचवायला सरकारने मध्ये भोक पाडून काढला होता तो. नंतर चलनातून गेला तेव्हा घराघरांत उरलेले पैसे आमच्याकडे मुलं करगोट्यात ओवत. म्हणजे हे कुणा राजाचं धन नव्हतं. हे पुरणारा माणूस माझ्या आजोबांच्या काळातला होता, आणि चिकटही होता, कारण पुरायला त्याने बाद झालेलेच पैसे निवडले होते. आजोबांचा हा स्वभाव सगळ्या भावकीला माहीत आहे.

कोळसा आणि लोखंडाचा मळ पाहिल्यावर मला उरलेलं कळायला वेळ लागला नाही. जुने लोक हद्दीचा दगड पुरताना त्याखाली कोळसा, खापर, भट्टीचा मळ घालायचे. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. वरचा दगड कुणी सरकवला तरी खालचा कोळसा जागेवर राहतो आणि खरी हद्द सांगतो. साक्षीला म्हणून नाणी टाकायची. नोकरीत असताना असे काळे गोळे मी पाहिले होते. लोक दरवेळी धन सापडलं म्हणून आणत, आणि दरवेळी त्यांनी स्वतःच्याच शेताची खूण उकरून आणलेली असे.

तेवढ्यात भोकात काहीतरी दिसलं. एक बारीक मूळ होतं, पैशाच्या भोकातून आरपार गेलेलं, पलीकडून तुटलेलं. तांबूस, चिवट. मी काट्याने ते उचललं आणि त्याच्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "बोरीखाली सापडलं ना?"

त्याचा चेहरा पडला. तेव्हा मला कळलं की तो खोटं का बोलत होता. बोर आमच्या बाजूला होती. तिथे खणलं असं कबूल केलं तर चोरीही कबूल, आणि सापडलेली नाणीही मायची. म्हणून गोठा. आणि ज्या जागेचं नाव तो तोंडातून काढत नव्हता तीच जागा त्याला हवी होती. हद्दीची खूण बोरीखाली निघाली होती. म्हणजे आजोबांनी दगड पुरला तो बोरीच्या जागी. विहीर त्याच्या बाजूला येत होती. काका म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं.

मी भिंग खाली ठेवलं. मला राग कुणाचा आला ते आधी समजेना. याचा तर होताच. मग वडिलांचा आला, मेलेल्या माणसाचा. दगड आपोआप चालत गेला नव्हता. मग मायचा, आणि माझ्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आल्या, मोरीत बसलेली माय, देवासमोरची नाण्यांची ओळ. माझ्या हातात फक्त एवढंच होतं की तो गोळा अजून थोडा वेळ पाण्यात राहू द्यायचा. कोळसा तळाला बसला असता, पाणी मी मोरीत ओतलं असतं, आणि तीन साफ नाणी त्याच्या डब्यात घालून दिली असती. त्याला तरी नाणीच हवी होती. त्याच्या डोळ्यांदेखत झालं असतं आणि त्याने आभारही मानले असते.

मी माणसांशी खोटं बोलते. शेजारणीशी, नातेवाइकांशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, सर्रास. पण नाण्याबद्दल मला खोटं बोलता येत नाही. हा काही मोठेपणा नाही, सवय लागली आहे. शिवाय हा माणूस माझ्यासमोर बसून माझ्या हातांवर पाळत ठेवून होता, त्याचा मला इतका संताप आला होता की खरं सांगून त्याचं तोंड बंद करावं असंही वाटलं. मी त्याला सगळं सांगितलं. हे धन नाही, ही खूण आहे, हा कोळसा बघ, हा मळ, हे बोरीचं मूळ. एक कणही घासू नकोस. हे असंच्या असं जप, खड्डा बुजवू नकोस, त्याच्या तळाला अजून काळी माती असेल. तलाठ्याला आण, गावातली चार म्हातारी माणसं बोलाव, त्यांना दाखव. मी म्हटलं, विहीर तुझी आहे.

तो हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला आणि मी तांब्या पुढे केला तर त्याने तो हाताने बाजूला सारला.

"तू माले येडा समजस का, ताई? तुन्ही माय ती विहीरसाठी मराले बसनी, आन तू म्हणस ती मन्ही शे?"

त्याच्या डोक्यात वेगळाच हिशोब बसला होता आणि तो त्याने मला बोलून दाखवला. तलाठ्याला बोलवायचं म्हणजे आमच्या शेतात जेसीबी घातल्याचं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. जमिनीत धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, ते कळवलं नाही म्हणून वर केस. तो आत जाणार, नाणी सरकारजमा, नाहीतर माझ्याकडे, आणि विहीर आमच्याकडे आहे तशी राहणार. कोळशाच्या गोष्टी सांगून मी त्याला खड्ड्यात ढकलते आहे. मी म्हटलं, बाबा रे, खरं सांगते. तो म्हणाला की आमच्या घरातून त्यांच्या घराला खरं कधी आलं आहे? नुकतंच मला कळलं होतं की नाहीच आलेलं.

त्याने गोळा उचलून डब्यात टाकला. वाटीतलं पाणीही त्याला हवं होतं, तळाशी काही राहिलं तर. माझ्याच टेबलावर, माझ्याच रुमालातून त्याने ते गाळून घेतलं आणि रुमालही घेऊन गेला. दारात वळून म्हणाला की हे मायला सांगितलंस तर बघ. मी दार आपटलं.

लक्ष्मीपूजनाला भावकीच्या ग्रुपवर त्याच्या घरचा फोटो आला. चौरंगावर ताटात झेंडूच्या पाकळ्या आणि त्यांवर चार नाणी, लालबुंद, कालच कारखान्यातून आल्यासारखी. त्याच्या बायकोने चिंच, मीठ आणि चुलीची राख लावून हाताला घट्टे पडेपर्यंत घासली असणार. भोकाच्या पैशाचं भोकही लख्ख होतं, त्यातून पाकळीचा पिवळा रंग दिसत होता. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मी फोन पालथा घातला. दिवाळी झाल्यावर तो ती घेऊन सराफ बाजारात फिरला, तिथल्या कुणीतरी मला नंतर सांगितलं. घासलेल्या नाण्यांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. त्यावरून त्याने गावभर असं सांगितलं की गोळ्यात चांदीचा रुपया होता आणि तो मी पाण्यात हात घालून बदलला. भावकीतले निम्मे लोक ते अजून मानतात. एका लग्नात माझ्या पंगतीला बसलेली बाई ताट घेऊन उठून दुसरीकडे गेली.

कार्तिकात मी गावी गेले. सटाण्याच्या स्टँडवरून रिक्षा करून मळ्यात उतरले तेव्हा माय कांद्याच्या रोपांत उकिडवी बसली होती. आधी मी विहिरीशी गेले. बोरीच्या जागी खड्डा नव्हता. त्याने जेसीबी पुन्हा बोलावून तिथे मुरूम आणि दगडगोटे भरून दाबून घेतलं होतं, खणल्याची खूण राहू नये म्हणून. काळ्या मातीचा कणही दिसत नव्हता. पलीकडे दगड होता तसा उभा होता, कुणीतरी त्याला शेंदूरही लावलेला.

मी मायला सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल, माझ्या बापावर आळ घेतेस म्हणून अंगावर येईल. ती रोपं उपटत राहिली. मग हाताची माती झटकून म्हणाली,

"माले माहीत शे. तुना बापनी दगड सरकाई दिना, तवय मातीनं घमेलं मन्हा डोकावर व्हतं. त्या जागावर बोर मीच लाई."

लहानपणीच्या त्या बोरांनी माझे दात आंबले. इतकी वर्षं दर सकाळी हातातलं काम टाकून ही बाई बांधावर उभी राहून त्याच्या बापाचा उद्धार करत होती, आणि हिला माहीत होतं. मी तिला बोलायला सुरुवात केली आणि थांबता येईना. तू खोटी आहेस, म्हटलं, तू आणि माझा बाप दोघं चोर, ज्याच्यामागे मी दार आपटलं तो खरा होता. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, तू त्याला सांगितलंस? हो म्हटलं. आणि त्याने ऐकलं नाही? नाही म्हटलं.

माय विहिरीकडे वळली. तिच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं, ऑपरेशनचा तो डोळा अजून चुरचुरतो असं ती म्हणते. मग ती सावकाश बोलली.

"त्याना बापबी तसाच. तुना बाप आजारी पडना, तवय भाऊले दगडनं सांगाले गयथा. भाऊ म्हणे, आते काय नवं नाटक शे? दार लाई लिनं त्यानी."

वडिलांच्या शेवटच्या आजारपणातल्या एका संध्याकाळी ते काठी टेकत बांधापलीकडे गेले होते आणि लगेच परत आले होते, हे मला आठवलं. मी तेव्हा गावी होते. परत येऊन ते कुणाशी बोलले नाहीत आणि जेवलेही नाहीत. मला वाटलं होतं, काकांनी पुन्हा काहीतरी वाकडं बोलून अपमान केला असेल. त्या दिवसापासून मी काकांचं तोंड बघायचं सोडलं. ते गेले तेव्हाही मी आले नाही.

मी मायला विचारलं, मग तू का नाही गेलीस सांगायला? तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी. मी गेले असते तर विश्वास ठेवला असता का त्याने, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, रोपांना पाणी द्यायचं आहे, आता वीज आहे, नंतर जाईल. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि मोटारीच्या पेटीकडे गेली.

मोटार सुरू झाली. पाण्याचा लोट पाटात पडला आणि तो आवाज ऐकून पलीकडच्या शेतातून चुलतभाऊ बांधावर आला. मला बघून त्याला जास्तच जोर चढला. त्याने कमरेवर हात ठेवून, मान ताणून, गावाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं की विहीर त्याची आहे.

माय पाटाच्या कडेला फावडं घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि वाकून पाटाचं मातीचं दार फोडायला लागली. तो आणखी एकदा ओरडला, मग आणखी एकदा. उत्तर आलं नाही म्हणून त्याला काय करावं ते सुचेना, आणि तो तिथेच आमच्याकडे बघत उभा राहिला. पाणी वाफ्यांत शिरत होतं.